एका मांडवात दोन कॅमेरे

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
५ सप्टेंबर २०२५

प्रिय सोयराबाई,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर आपण एवढा वेळ बोललो, की फोन ठेवताना मला वाटलं, चला, सगळं ठरलं. रात्री तुमच्या भव्याने आमच्या तनयला सांगितलं, "आत्याला तुझ्या आईचं निम्मंच कळलं. उरलेल्या निम्म्याला ती बरं दिसावं म्हणून हो म्हणाली." चूक माझीच. मी पुण्याची, त्यात जन्मभर शाळेत शिकवलेलं. घंटा व्हायच्या आत धडा संपवायची सवय काही जात नाही. समक्ष भेटावं, तर एचएसआरहून तुमच्या चामराजपेटला पोचेपर्यंत माणूस कशासाठी निघालो तेच विसरतो. म्हणून हे पत्र. दोन्ही मुलं बेळ्ळंदूरला एकाच ऑफिसात आहेत, तेव्हा पोस्टमन घरचेच. तनय डब्याच्या पिशवीतून हे भव्याला देईल. पाकीट नीट चिकटवलंय, कारण माझा मुलगा मला ठाऊक आहे.

विषय भव्या-तनयच्या लग्नातल्या फोटोंचा. भव्याने तुमच्या घरचे जुने अल्बम दाखवले. तुमचे ते हयवदन नावाचे फोटोग्राफर चांगलेच असणार, पण त्यांच्या फोटोत एक माणूस हसत असेल तर शपथ! सगळे पासपोर्ट काढायला आल्यासारखे. भव्याची आई, म्हणजे तुमच्या प्रेमावहिनी, स्वतःच्या लग्नात अशा उभ्या आहेत की कोणी त्यांना कोर्टाचा निकाल वाचून दाखवतंय.

तर माझं म्हणणं, हयवदन असू देत, पण सोबत दुसरा फोटोग्राफर ठेवू. माझ्या मावसबहिणीची आश्लेषा इथेच राहते आणि हेच काम करते. कॅन्डिड काढते, म्हणजे आपलं लक्ष नसताना. मी विचारलं, "अगं, लक्ष नसताना तोंड उघडं असलं तर?" म्हणाली, "मावशी, तेच तर हवं असतं." माझा एकच मुलगा आहे, सोयराबाई. तो खळखळून हसतो तेव्हा फार गोड दिसतो. तेवढं एकदा फोटोत यावं, बस.

कळवा.
आपली,
नीलिमा

---

चामराजपेट
२३ सप्टेंबर २०२५

विहीणबाईंना सोयराबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र केव्हाच मिळालं, पण पितृपक्षात लग्नाचा विषय कागदावर कसा आणायचा? काल घट बसले, आज लिहायला बसले. माझं मराठी घरातलं. शहाजीराजांबरोबर आलेल्यांचं, असं आमचे अण्णा सांगतात, आणि नंतर त्यात स्वल्प कन्नडाची फोडणी पडली. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घराची रीत आधी सांगते. भव्याचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, अण्णा विठोजीराव, ते फक्त "होय" म्हणायला आहेत. वहिनी स्वैपाकाचं बघते. बाकी सगळं माझ्याकडे. माझं स्वतःचं लग्न झालं नाही, त्यामुळे सगळ्यांची लग्नं मलाच करावी लागतात.

हयवदन आमच्या घरचं प्रत्येक कार्य काढत आलेत. लग्न, बारसं, जावळ, साठी-शांत. आधी आमच्या रस्त्यावरच त्यांचा स्टुडिओ होता. तो बंद झाला, आता देवनहळ्ळीला पुतण्याकडे राहतात. तिथून बसने येतात, खांद्याला ती जड पिशवी घेऊन, आणि कार्याच्या आदल्या दिवशी येऊन उजेड कुठून येतो ते बघून ठेवतात. हसण्याचं म्हणाल तर ते सगळ्यांना श्वास धरायला सांगतात. श्वास धरून माणूस कसा हसणार?

पण दुसरा फोटोग्राफर नको हो. एका मांडवात दोन कॅमेरे म्हणजे पहिल्याचा अपमान. मागे बसवनगुडीत कुणाच्या लग्नात त्यांनी दुसरा कॅमेरा पाहिला. पिशवी बंद केली, तांबूल घेतलं आणि ऊटा न करता निघून गेले. नाही म्हणाले जेवणाला! लग्नाच्या जेवणाला! त्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

तेव्हा राग मानू नका. तनयला हसायला आपण दुसरीकडे कुठेतरी सांगू.

तुमची,
सोयराबाई

---

एचएसआर लेआउट
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय सोयराबाई,

राग अजिबात नाही. पण मला पटलेलंही नाही, आणि न पटलेलं गिळायचं आम्हाला शिकवलेलंच नाही.

अहो, एवढा मानी माणूस असेल तर त्यांना मानानेच बोलवा ना. पहिल्या रांगेत बसवू. स्टेजवर बोलावून शाल, नारळ देऊ, चार शब्द बोलू. ते मी बोलेन, तुम्ही काळजी करू नका. आणि कॅमेरा आश्लेषाला सांभाळू दे. आता या वयात त्यांना ती जड पिशवी घेऊन बसचे धक्के खायला लावणं हाच खरं तर त्यांच्यावर अन्याय आहे.

आमच्या ह्यांचं मत, की तुम्ही हयवदनांना आधीच शब्द देऊन बसला आहात आणि आता सांगायला अवघड जातंय. ह्यांना बँकेत राहून सगळीकडे व्यवहारच दिसतो. मला मात्र वाटतं, कारण वेगळं आहे. तुम्ही एका फोटोग्राफरबद्दल अख्खं पान लिहिलंत, आणि मांडव कुठला, मेनू काय, यावर एक ओळ नाही. मी बाई पेपर तपासण्यात आयुष्य घालवलं. कोणत्या प्रश्नाला पोरं पान-पान लिहितात, ते मला बरोबर कळतं.

खरं काय ते सांगा.

नीलिमा

---

चामराजपेट
४ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. शाल-नारळ निरोप द्यायला देतात. त्यांना निरोप द्यायचा नाहीये मला.

हे वाक्य लिहिलं आणि खोडणार होते. मग म्हटलं, राहू दे. दसरा झाला, खोटं कशाला बोला.

आमचं घर जुन्या वळणाचं आहे. कारणाशिवाय कोणी कुणाकडे येत नाही. परका पुरुष तर नाहीच. हयवदन येतात ते कार्याला. आदल्या दिवशी उजेड बघायला आले की मी कॉफी देते. ते विचारतात, "बरी आहेस?" मी म्हणते, "बरी आहे. तुम्ही?" ते म्हणतात, "सरी सरी." म्हणजे ठीक. एवढंच. तुम्ही हसाल, पण त्या एवढ्याशा बोलण्यावर माझी मधली वर्षं गेली, एका बारशापासून पुढच्या लग्नापर्यंत. कुणाला मूल होणार कळलं की लोकांना वाटे, आत्याला किती आनंद झाला. आनंद व्हायचाच हो. पण निम्मा कशाचा ते मलाच माहीत.

आता भव्या या घरातली शेवटची. तिच्या दोघा भावांची लग्नं झाली, त्यांची पोरं अमेरिकेत वाढतायत, तिकडेच बारशी-वाढदिवस करतात. भव्याच्या लग्नानंतर या घरात उरलेलं कार्य एकच, माझं स्वतःचं, आणि त्याला फोटोग्राफर बोलावत नाहीत.

तेव्हा ही शेवटची वेळ आहे. दुसरा कॅमेरा दिसला की ते पिशवी बंद करून जातील, आणि जाताना माझ्याकडे बघतीलसुद्धा की नाही कोण जाणे. आता तुम्ही वराची आई, तुमचा शब्द मोठा. काय ते ठरवा. पण हे कुणाला सांगू नका, तुमच्या यजमानांनाही नको. वाचून पत्र फाडा.

सोयरा

---

एचएसआर लेआउट
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय सोयरक्का,

भव्या म्हणाली, गल्लीत सगळे तुम्हाला हेच म्हणतात. आजपासून मीही.

पत्र फाडलं. त्याआधी दोनदा वाचलं आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. ह्यांनी विचारलं तर कांदा म्हणाले. हातात भोपळा होता, पण ह्यांच्या ते लक्षात येत नाही.

अहो, पण तुम्ही दोघं बोलत का नाही? मला असं कोणी नुसतं "बरी आहेस" म्हणून निघून गेलं असतं, तर मी दारात अडवून "बरी नाही, बसा" म्हटलं असतं. असो. मी कोण सांगणारी.

फोटोंचा तोडगा निघाला आहे. ऐका. लग्न हयवदनरावांचं, रिसेप्शन आश्लेषाचं. मुहूर्त, होम, सप्तपदी, सगळा मान त्यांचा, तिथे आश्लेषा फिरकणारसुद्धा नाही. रिसेप्शनला ती एकटी. दोन वेगळ्या वेळा, दोन वेगळी माणसं, गाठच पडायची नाही. तनय रिसेप्शनला हसेल, मुहूर्ताला श्वास धरेल. तुमचे हयवदनराव तुमच्याकडे, माझा फोटो माझ्याकडे.

आवडलं का?

नीलिमा

---

चामराजपेट
१३ ऑक्टोबर २०२५

नीलिमाताई,

तुमच्या डोक्याला इथूनच नमस्कार. हे मला कसं सुचलं नाही? लग्न ते लग्न. रिसेप्शन म्हणजे काय, एक लांबच लांब रांग. पाकीट द्यायचं, नवरा-नवरीच्या बाजूला उभं राहायचं, फोटो, की लगेच जेवायला पळायचं. त्यात हयवदनांना कधी रस नव्हताच. त्यांना मीच सांगेन, दिवाळी झाली की.

तुम्ही विचारलंत, बोलत का नाही. तरुण होतो तेव्हा ते माध्व ब्राह्मण, आम्ही मराठे. त्यांच्या वडिलांना घरात अंड्याचं नाव चालत नसे, आणि आमच्या वडिलांचं रविवारी मटणाशिवाय पान हलत नसे. कोण कुणाला काय सांगणार? नंतर दोघांचेही वडील गेले, पण तोवर न बोलायची सवय झाली होती. त्यांनीही लग्न केलं नाही. विचारलं तर सांगतात, इतकी लग्नं जवळून बघितल्यावर माणसाची भूक जाते. लोक हसतात. मीही हसते.

आणि आता बोलून काय? दोघांचेही केस पिकले. "बरी आहेस" पुरतं मला.

तुमची,
सोयरा

ता. क. दिवाळीला चकल्या पाठवते. भव्या वाटेत खाईल, म्हणून डबा दोरीने बांधलाय.

---

एचएसआर लेआउट
५ नोव्हेंबर २०२५

सोयरक्का,

चकल्या पोचल्या. दोरी शाबूत होती, चकल्या निम्म्या होत्या. या मुलीला मी सून म्हणून मनापासून पसंत केलं आहे.

लग्नपत्रिकाही मिळाली. फार देखणी. गणपती तर सुरेख. छापखान्याने त्यात एक चूक केली आहे, तुमच्या लक्षात आली असेलच. पण मी मनाशी ठरवलंय, लग्नघरात कुणाचे दोष काढायचे नाहीत. ह्यांना दाखवली तर म्हणाले, "तू आणि गप्प बसणार? बरं वाटतंय ना तुला?" होय, गप्प बसणार. माझ्याकडच्या पाहुण्यांना मी स्वतः फोन करून सगळं नीट सांगितलं आहे, त्यामुळे काही बिघडत नाही.

आश्लेषाला तारीख-वेळ देऊन टाकली. पैठणी इस्त्रीला गेली. हयवदनरावांशी बोललात का?

नीलिमा

---

चामराजपेट
२० नोव्हेंबर २०२५

नीलिमाताई,

ती चूक माझ्याही ध्यानात आली होती. लाजले हो मी. पण पत्रिका तोवर वाटून झाल्या होत्या. तुमच्या यजमानांना, सूर्यकांतरावांना राग आला नसेल ना? इकडे नावं तशीच लिहितात, त्यामुळे छापणाऱ्याला काही वाटलंच नाही. तुम्ही मोठ्या मनाने पोटात घातलंत, मी विसरणार नाही.

काल हयवदनांना फोन केला. आठवडाभर धीर गोळा करत होते. सांगितलं, "रिसेप्शनला मुलाकडची एक मुलगी फोटो काढणार, तेव्हा तिथे तुम्ही नुसते पाहुणे. कॅमेरा घेऊन मुहूर्ताला या. तुमचा मान कमी झालेला नाही." मला वाटलं लाइन गेली. मग "सरी" म्हणाले आणि फोन ठेवला.

नेहमी ते "सरी सरी" म्हणतात. काल एकदाच म्हणाले.

अय्यो, मी काय करून बसले? एवढा तोडगा काढला आणि तरी दुखावलेच ते. आता मुहूर्तालाही यायचे नाहीत, मला माहीत आहे त्यांचा स्वभाव. अण्णा म्हणतात, नाही आले तर दुसरा बोलावू, त्यात काय. मी आत जाऊन पाण्याचा नळ सोडून रडले. तुमचा कांदा, माझा नळ.

तुमच्यावर बोट नाही. मीच हो म्हटलं. पण नीलिमाताई, ते आले नाहीत तर मला ते लग्न कसं पार पाडता येईल, समजत नाही.

सोयरा

---

एचएसआर लेआउट
९ डिसेंबर २०२५

प्रिय सोयरक्का,

लग्नाला नऊ दिवस झाले, तुम्ही भांडी-चादरी परत करण्यात गुंतला असाल. पण त्या शनिवारी स्टेजवर काय झालं, ते तुम्हाला धड कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही सबंध वेळ भोजनगृहात दहीभात कमी पडला म्हणून आचाऱ्यांशी भांडत होतात. म्हणून मी सुरुवातीपासून सांगते. माझी शोभा झाली तीही सांगते, काही लपवत नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही मांडवात आलो ते आपलं सीमांतपूजनाला. आमच्याकडे आदल्या दिवशी तेच असतं. मी प्रवासातली सुती साडी नेसलेली, केस कसेतरी बांधलेले. पैठणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेसायची म्हणून घडी न मोडता बॅगेत. आत पाऊल टाकते तो काय! ऑर्केस्ट्रा. सोनेरी खुर्च्या. पुढे आलेला तनय सुटात, भव्या नखशिखांत नटलेली, आणि स्टेजच्या पायऱ्यांपासून दारापर्यंत रांग. मी तनयला म्हटलं, "हे काय?" तो म्हणाला, "रिसेप्शन." मी म्हटलं, "अरे, लग्न व्हायचंय अजून!" तो म्हणाला, "आई, इथे रिसेप्शन आदल्या दिवशीच असतं. तुला माहीत नव्हतं?"

तीन वर्षं या गावात राहते. माहीत नव्हतं! आमच्या मंडळातली सगळी लग्नं पुण्यालाच होतात. पत्रिकेत रिसेप्शनपुढे शनिवार छापलेला पाहून मला ती छापखान्याची चूक वाटली होती. जन्मात पहिल्यांदा मी चूक दिसूनही तोंड मिटून बसले, त्याचं हे फळ. पुन्हा असं करणार नाही. (आणि तुम्ही ज्या चुकीची माफी मागत होता, ती सूर्यकांतच्या स्पेलिंगमधल्या जादा एचची, हे मला त्या रात्री कळलं. ह्यांना तो एच आवडला आहे. म्हणतात, वजन आलं.)

आश्लेषा रविवारी संध्याकाळी येणार होती. शनिवारी ती मैसूरला दुसऱ्या लग्नात. म्हणजे हजार माणसांची रांग, आणि फोटोग्राफर एकही नाही! तुमचे विठोजीअण्णा माझ्याकडे बघून "होय, होय" एवढंच म्हणत होते.

तेवढ्यात मला हयवदनराव दिसले.

तुम्ही नंतर मला म्हणालात, "बघा, दुसरी मुलगी कसं काम करते ते तपासायला आलेत." नाही सोयरक्का. मी धावत गेले आणि हात जोडले. "कॅमेरा कुठाय?" ते म्हणाले, "घरी ठेवला. सोयरा म्हणाली, रिसेप्शन माझ्याकडे नाही. आज मी पाहुणा." रेशमी शर्ट, जरीकाठी धोतर, डोक्याला तेल. आणि मराठी थेट तुमचं, तुमच्या "स्वल्प"सकट. मी म्हटलं, "तुम्ही रागावलात, असं सोयरक्कांना वाटतंय." तर गोंधळलेच. म्हणाले, "राग? का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळ्या हातांनी बोलावलं तिने. फोनवर मला काही सुचलंच नाही."

ऐकलंत? तुमच्या त्या एकट्या "सरी"चा हा अर्थ.

मी त्यांना म्हटलं, आमच्या ह्यांच्या फोनवर तरी काढा. मान हलवली. म्हणाले, "आज नको, अम्मा. आज मला रांगेत उभं राहायचंय." मग ह्यांचा फोन घेऊन मीच उभी राहिले. वराची आई, सुती साडीत, घामाघूम, "जरा आत सरका" करत! तनय मला बघून इतका हसला, इतका हसला, की विचारू नका. प्रत्येक फोटोत बत्तिशी. माझा हट्ट पुरा झाला, तो असा.

आता मुख्य गोष्ट. हयवदनराव रांगेतून वर आले, इकडे-तिकडे बघितलं आणि मला विचारलं, "सोयरा?" मी म्हटलं, भोजनगृहात. ते खाली उतरले आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुन्हा नंबर आला, पुन्हा विचारलं, पुन्हा खाली. लोकांना वाटलं, म्हातारा विसरतोय. असं ते किती वेळा फिरले, मी मोजलं नाही, पण दर वेळी माझा जीव वर-खाली होत होता. शेवटी तुम्ही हातात पाण्याचा तांब्या घेऊन आलात, भव्याचा घसा सुकला म्हणून. तुम्हाला आठवेल, ते तुमच्या मागोमाग चढले. तुम्ही म्हणालात, "तुम्ही?" ते म्हणाले, "पाहुणा." आणि मी बटण दाबलं.

तो फोटो सोबत पाठवते. माझ्या मुलाचं अर्धं डोकं गेलंय, भव्याचा एक कान दिसतोय. मधोमध तुम्ही दोघं आणि तांब्या. श्वास कोणीही धरलेला नाही.

रविवारचं तुम्हाला ठाऊकच आहे. ते पिशवी घेऊन वेळेवर हजर. माझा पैठणीतला फोटो त्यांनीच काढला. मी श्वास धरला, आणि खरं सांगते, बरी दिसले. संध्याकाळी आश्लेषा आली तेव्हा माणसं सतरंज्या गुंडाळत होती. तिने त्यांचेच काढले, आणि आमचे हे सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपले होते, त्यांचे. म्हणते, या वर्षातलं तिचं सगळ्यात चांगलं काम आहे.

सोयरक्का, मी शिकवणारी बाई. सोप्या गणिताला फार वेळ घेतलेला मला चालत नाही. दुसरा कॅमेरा आला तर ते येणार नाहीत म्हणून तुम्ही रडलात. त्यांच्याकडे स्वतःचाही कॅमेरा नव्हता, तरी ते आले. आता तुम्ही कशाची वाट बघताय?

तुमची,
नीलिमा

---

चामराजपेट
२० डिसेंबर २०२५

नीलिमाताई,

पत्र मिळालं. फोटो मिळाला. तीन-चार दिवस कामात मन नव्हतं. आमटीत दोनदा मीठ पडलं. अण्णा "होय" म्हणून खाऊन गेले.

मला खरंच वाटलं होतं, ते तपासायला आले. त्यांनी रांगेत उभं राहावं आणि मी मागे भोजनगृहात दहीभातावरून भांडावं! इतकी वर्षं मी त्यांना बघायला मिळावं म्हणून मांडवभर फिरले, आणि ज्या दिवशी ते मला शोधत होते, त्या दिवशी मी हातात डाव घेऊन आचाऱ्याला शिव्या घालत होते. हसू येतं आणि रडूही येतं. तुमच्यावर रागही आला, सांगून टाकते. एवढं सगळं डोळ्यांनी बघत होता, तर मला हाक मारायची नाही का? मग आठवलं, तुमच्या हातात फोन होता आणि समोर हजार माणसं.

मंगळवारी सकाळी हयवदनांना फोन केला. वहिनी देवळात गेली होती. त्यांनी उचलला. मी म्हटलं, "शुक्रवारी या." त्यांनी विचारलं, "काय कार्य आहे?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "मग पिशवी आणू?" मी म्हटलं, "नको."

काल आले. बस लवकर मिळाली म्हणे, मी अंघोळ करून केस वाळवत होते, तशीच बाहेर आले. दार अण्णांनी उघडलं होतं. बिचारे अण्णा! त्यांना काही समजेना. धनुर्मास लागलेला, मुहूर्त कुठले आत्ता? ते दारातच उभे राहून म्हणाले, "हयवदन? आज आपल्याकडे काय आहे?"

हयवदनांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले. म्हटलं, "काही नाही, अण्णा. माझ्याकडे आलेत."

अण्णा आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग "होय" म्हणाले आणि बाजूला झाले.

तुमची,
सोयरा